निवडुंगाचं सरबत आणि अकरा बाया

हसणार नाही असं वचन मी मागत नाही, कारण तुम्ही ते पाळणार नाही. फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा.

मी आहारशास्त्र शिकलेली. पहिलीच नोकरी, मेडशीजवळच्या एका गावात: बचत गटातल्या बायांना पौष्टिक पदार्थ शिकवायचे. स्वभाव म्हणाल तर, कुकरची शिट्टी होणार हे माहीत असतं, तरी ती झाली की मी दचकते. अशा बाईला लोकांनी 'मॅडम' म्हणायचं!

गावातल्या शेतांच्या धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे बांधांवर, निवडुंग, आणि त्याला लालभडक बोंडं लगडलेली. तालुक्याच्या मेळाव्यात गटाचा स्टॉल लागणार होता. मी ठरवलं, याचंच सरबत विकायचं. चिमट्याने बोंडं तोडली, निखाऱ्यावर फिरवून बारीक कुसं जाळली, पोत्यावर घासली, धुतली. टोकं कापून गर काढला, फडक्यातून गाळला म्हणजे बिया वर राहिल्या. गूळ, लिंबू, जिरेपूड. रंग असा उतरला की त्यात लुगडं बुडवावं.

संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर गटाच्या अकरा बाया जमल्या. मी अर्धा तास बोलले. यात क जीवनसत्त्व आहे, कॅल्शियम आहे, पोट साफ ठेवणारे तंतू आहेत, जेवणातलं लोह अंगी लागायला मदत होते. बाया माना डोलवत प्यायल्या, मीही प्यायले. गोदामाय, गटातली सगळ्यात म्हातारी, दोन गिलास प्यायली आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत राहिली. मी समजले, चव आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बाथरूममध्ये गेले आणि किंचाळलेच. लघवी लाल. गुलाबी नाही, लालसर नाही, लाल.

स्वतःच्या मरणाची भीती दोनेक मिनिटं टिकली. मग आठवलं, अकरा बाया प्यायल्यात. अकरा घरं, त्यांची लेकरं, आणि गोदामायचं वय सत्तरीच्या पुढे. त्या मला काही न विचारता प्यायल्या होत्या. का? तर मॅडम शिकलेली आहे म्हणून.

गटाच्या व्हॉट्सॲपवर मी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. काय बोलले ते मला धड आठवत नाही. हुंदके आठवतात. "बायांनो, लाल दिसलं तर घाबरू नका, माझं चुकलं, लगेच उपकेंद्रात या" असं काहीतरी.

बाया तेव्हा हरभरा सोंगायला, म्हणजे कापायला, शेतात पोचल्या होत्या. गटाच्या अध्यक्ष मंदाताईंनी फोन लाऊडस्पीकरवर लावला, त्यामुळे माझे हुंदके शेजारच्या दोन शेतांनीही ऐकले.

मी आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर बसून होते. सिस्टर नुकत्याच कुलूप काढत होत्या. तेवढ्यात ऑटो आला. त्यातून एकेक करत अकरा बाया उतरल्या, डोक्याला दुपट्टे, हातात विळे. मी धावत जाऊन गोदामायचे हात धरले.

"माय, चक्कर येते का? पोट दुखतं का?"

"मले कायले दुखते? तुले काय झालं ते सांग."

"लाल..." मी कुजबुजले.

"हाव, लालच होते. बोंडं खाल्ल्यावर का हिरवी होईन? आमी लहानपणी बकऱ्यामांगं जावो तवा पैज लावो, कोणाची जास्त लाल होते म्हून."

सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सिस्टरही. म्हणाल्या, बिटासारखाच रंग आहे, एक-दोन दिवसांत जातो.

"मग काल का नाही सांगितलं?" मी रडकुंडीला आले.

"तू सांगून राह्यली होती ना व. मधात कायले बोलू? मले वाटलं, एवढी शिकली, तुले ठाऊकच असन."

"अहो, मग तुम्ही सगळ्या काम सोडून आलात कशाला?"

मंदाताईंनी कपाळावर हात मारला. "तुमी फोनात अशा रडून राह्यल्या होत्या, आमाले वाटलं मॅडमच चालल्या. म्हटलं, परक्या गावात एकलं लेकरू, चला व पाहू."

मी त्यांना वाचवायला बसले होते आणि त्या मला वाचवायला आल्या होत्या. मी पुन्हा रडले. यावेळी कारण निराळं होतं.

"आल्याच आहात सगळ्या, तर रक्त तपासून घ्या," सिस्टर म्हणाल्या. बोटं टोचली गेली. माझ्या वेळी मी डोळे मिटले आणि गोदामायचा दंड धरला.

सिस्टरनी कागद वाचला. अकराही बायांचं रक्त चांगलं. कमी होतं ते एकटीचंच.

"सकाळी जेवता का तुम्ही?" सिस्टरनी मला विचारलं.

"चहा-बिस्किट," मी म्हणाले.

मग मंदाताईंनी कायम सोबत असणाऱ्या पिशवीतून गटाचं रजिस्टर काढलं. त्यात माझ्या नावापुढे 'प्रशिक्षक' असं होतं. ते त्यांनी शांतपणे खोडलं आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, 'लाभार्थी'.