ओढ्यापलीकडची आंबील

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त टाइमपास म्हणून वाचल्या. उमरग्यात माझं मेडिकल आहे. 'बाहेरचं झालंय' म्हणत आलेल्या कित्येकांना मी ताप मोजायला लावून डॉक्टरकडं पिटाळलंय. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते माझ्यासमोर, आणि भर दुपारी.

आमचं मूळ गाव बेंबळी. वडिलांचे चुलत भाऊ सदाशिवकाका तरुणपणी ट्रेनिंगसाठी जर्मनीला गेले, तिकडंच लग्न केलं, तिकडंच वारले. गावाकडं परत कधी आलेच नाहीत. त्यांची आई दर येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात त्यांच्या नावानं एक पान वाढून ठेवायची. शेवटची काही वर्षं म्हातारी अंथरुणाला खिळून होती. तिचं हगणंमुतणं सगळं काढलं ते काकांच्या धाकट्या बहिणीनं, कमळाआत्यानं. आणि म्हातारी तिच्याच हातून पाणी पिऊन विचारायची, "सदा आला का?"

दोन वर्षांपूर्वी काकांची मुलगी बिर्गिट जर्मनीहून आली. पन्नाशीची, शांत बाई. मराठीचा एक शब्द येत नव्हता. वडिलांचं गाव बघायचं होतं, नातेवाईक भेटायचे होते. मीच म्हणालो, येळवशीलाच या. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात गावं ओस पडतात, सगळे रानात असतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पुजायचे, मग शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबट आंबील. वाटेनं जाणारा ओळखीचा असो-नसो, त्याला हाक मारून जेवू घालायचंच.

कमळाआत्या त्या दिवशी बिर्गिटचा हात सोडायला तयार नव्हती. "आमच्या दादावाणीच नाक हाय की गं," म्हणून सारखी डोळे पुसायची. बिर्गिटला कळत काहीच नव्हतं, पण तीही रडत होती.

पूजा झाल्यावर बिर्गिट फोटो काढायला बांधाबांधानं गेली. आम्ही तिच्यासाठी जेवायचे थांबलो. बराच वेळ झाला म्हणून मी शोधायला उठलो, तोवर ती ओढ्याकडून येताना दिसली. तोंडभर हसत! तिचं जेवण झालं होतं म्हणे. ओढ्यापलीकडं एका कोपीतल्या आजीनं हाक मारली, हाताला धरून बसवलं, पोटभर वाढलं. गालावरून सारखा हात फिरवत होती. निघताना तिच्या रिकाम्या बाटलीत आंबील भरून दिली.

वडील माझ्याकडं बघत राहिले. बाभळींच्या आड असलेलं ते रान सदाशिवकाकांच्या आईचं. ती गेल्यावर ते विकलं. घेणारा पुण्याला असतो, त्या साली पेरलंसुद्धा नव्हतं.

मी बिर्गिटला घेऊन तिकडं गेलो. नुसती नांगरट. कोप सोडा, कडब्याचं चिपाडही नव्हतं. तिच्या बुटांचे ठसे मात्र ढेकळांतून मध्यापर्यंत गेलेले, आणि तिथनंच परत फिरलेले. "इथंच होती..." एवढंच ती इंग्रजीत म्हणत राहिली.

परत आलो तर आत्या बाटली तोंडाला लावून बसलेली.

"लसूण भाजून घातलाय," ती म्हणाली. "अन् ओवा लई. आमची माय आसंच करायची. दुसरं कुणी न्हाय करत."

मीही एक घोट घेतला. मला आंबील आंबिलीसारखीच लागली. मग आजूबाजूच्या झाडून सगळ्या कोपींवर विचारत फिरलो. कुणाकडं गोरी बाई आली नव्हती. आली असती तर निम्म्या बेंबळीच्या स्टेटसला तिच्यासोबतचा सेल्फी पडला असता, हे मी छातीठोक सांगतो.

सगळे अचंब्यात. उन्हं कलल्यावर आत्या कुणाला न सांगता ओढा ओलांडून गेली. मी मागं गेलो, तर नांगरटीत पदर पसरून बसलेली.

"माये, म्या आलेव गं. कमळी आलीय."

मान वर करून तिनं चहूकडं बघितलं. वारासुद्धा नव्हता.

"तिला बोलवलं," आत्या मला म्हणाली. "लांबनं आली म्हणून बोलवलं आसंल. म्या तर हितंच हाय की रं... म्हणून मला न्हाय का?"

दुकानात प्रत्येक दुखण्यावर काहीतरी काढून देतो मी. त्या वेळी नुसती तिच्या पदराची माती झटकली.

बिर्गिट परत गेली. तिचे मेसेज येतात, पण त्या दुपारचा विषय कुणीच काढत नाही. आत्या मात्र येळवस आली की त्या रानात जाऊन बसते, रिकामी बाटली घेऊन. या वर्षीही बसली होती. जेवणं खोळंबली, तशी मी बांधावरून हाक मारली, "जेवायला चल गं!"

ऐंशीच्या पुढची बाई, पण कशी झटक्यात उठली! पदर सावरत वळली, तेव्हा तिच्या तोंडावर जे हसू होतं, ते मी जन्मात बघितलं नव्हतं.

मग तिला मी दिसलो.

"तू हायस व्हय," ती म्हणाली, आणि बाटली घेऊन हळूहळू माझ्याकडं चालायला लागली.

बिर्गिटला कुणी जेवू घातलं, ते मला आजही सांगता येत नाही. आत्याला का बोलावलं नाही, ते तर त्याहून नाही.