लष्कराचा ट्रक मेल्यावर

लोक मला विचारतात, तू एवढी चिडकी कशानं झालीस? अहो, चिडकी मी जन्माचीच आहे. वलगावची आहे, आमच्याकडचं साधं 'ये, बस' सुद्धा पुण्याच्या माणसाला भांडण वाटतं. पण गेल्या भाद्रपदात जी चिडले, तो राग अजून उतरलेला नाही आणि मला तो उतरू द्यायचाही नाही.

आधी माझं काम सांगते. पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत मी गाड्यांची जन्मापासून मरेपर्यंतची कुंडली मांडते. एक गाडी हवेचं, पाण्याचं, मातीचं किती वाटोळं करते ते मोजायचं. खाणीतून लोखंड निघतं तिथून सुरुवात, मग कारखाना, रंग, टायर, डिझेल, दुरुस्ती आणि शेवटी मोड. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे लष्करी ट्रकांचं काम आलं. मी जीव ओतून केलं. हा ट्रक महिनोन् महिने नुसता उभा असला तरी त्याचं इंजिन अधूनमधून सुरू करून ठेवावं लागतं, चालो न चालो त्याचं तेल वेळच्या वेळी बदलावं लागतं, हे सगळं मी खोदून खोदून काढलं. डोंगरात लागणारं डिझेल वेगळं, मैदानातलं वेगळं. एक थेंब सुटू दिला नाही.

मग आला शेवटचा रकाना. मोडीत निघालेल्या ट्रकचं काय होतं? लिलावाच्या फाटकापर्यंतचे कागद मिळाले. फाटकाबाहेर काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणाला जाणून घ्यायचंही नव्हतं. साहेब म्हणाले, "गृहीत धरा आणि पुढे चला." मी धरलं. जुनं तेल अधिकृत केंद्रात जातं, बॅटऱ्या परत जातात, लोखंड वितळून पुन्हा कामाला येतं. नवं लोखंड काढावं लागलं नाही म्हणून त्या रकान्यात चक्क वजा चिन्ह आलं. म्हणजे ट्रक मेला की पृथ्वीचं भलंच होतं! तो तक्ता सगळ्यांना फार आवडला. मलाही आवडला होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांना, म्हणजे तुमच्या गौरींना, घरी आले. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या लागतात. आमचं घर माळ्याचं. त्यामुळे महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी बाबा मळ्यातली मेथी, पालक, अंबाडी, चमकुऱ्याची म्हणजे अळूची पानं काढतात, विहिरीच्या पाण्यात धुतात आणि गल्लीतल्या घराघरात देवीच्या नावानं नेऊन देतात. आजोबाही देत होते. या एका दिवसासाठी बाबा वर्षभर मान ताठ ठेवून चालतात म्हटलं तरी चालेल.

मी बडनेरा स्टेशनवर उतरून एसटीनं घरी पोचले तोवर जुड्या वाटून झाल्या होत्या. हातपाय धुवायला विहिरीवर गेले, बादली ओढली, आणि नाकाला गॅरेजचा वास आला. पाण्यावर तवंग. ओंजळ भरून घेतली तर हात ओशट.

"बाबा, विहिरीत काय पडलं?"

"काय पडन? काही नाई. पावसाचं पानी हाय, थोडसं गढूळ राह्यतेच."

"गढूळ नाही हे, तेल आहे तेल!"

तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं, आणि तेही कौतुकानं. गावाबाहेरच्या भंगाराच्या यार्डात लष्कराचे जुने ट्रक दरवर्षीच येत, औंदा तर रांगच लागली होती. "मालक भला मानूस हाय. इंजिनातलं जळकं ऑइल साऱ्या गावाले फुकट देऊन राहिला. मी बी डबे भरून आनले."

आता जळकं ऑइल आमच्याकडे कुणी फेकून देत नाही. दाराच्या चौकटीला, मांडवाच्या खांबांना, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या वाशांना ते फासतात, उधई म्हणजे वाळवी लागत नाही. आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर ओततात, म्हणजे डास मरतात. आदल्या वर्षी आईला डेंग्यू झाला होता, पार मरणाच्या दारातून परत आली. म्हणून बाबांनी सगळा पावसाळा दर आठवड्याला, न चुकता, नाल्यात ऑइल ओतलं. नाला आमच्या विहिरीला खेटून वाहतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, काही समजते का तुमाले? इतके वर्ष शेती केली, अन् विहिरीच्या उशाशी जहर ओतलं?"

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "देवी बसून राहिल्या घरात, अन् तू बापावर वरडून राहिली? काही लाज हाय का तुले?"

चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते मी. ते कळत होतं, तरी तोंड थांबत नव्हतं. मग तीच आग घेऊन यार्डात गेले. ट्रकांचा हिरवा रंग पोपडे सुटून लोंबत होता, खालची काळी माती तेलानं चिकट झाली होती, बॅटऱ्या फोडून तशाच टाकलेल्या. एका ट्रकवरची नाव-क्रमांकाची पट्टी वाचली. मी मोजला होता तोच प्रकार.

मालकानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी जे तोंडाला येईल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, लिलावात जसं हाय तसं उचला म्हनते. ऑइल कुठी नेऊ? कोनी पत्ता देत नाई. चोरी करून राहिलो का मी?" मी चहा तसाच ठेवून उठले.

तिथूनच साहेबांना फोन लावला. "तो रकाना खोटा आहे, अहवाल मागे घ्या." ते म्हणाले, "तुमच्या भावना समजतात, पण फाटकाबाहेरचं आपल्या कक्षेत येत नाही." कक्षा म्हणे! ती कक्षा या माझ्याच हातांनी आखलेली. फोन आपटावासा वाटला, पण तोही माझाच होता.

घरी आले तर बाबा टोपी घालून ओट्यावर उभे. "ते भाजी खाल्ली तं लोकायले काही होईन का?"

"होऊ शकते, बाबा. पोरं हायेत घराघरात."

"मंग चाल."

आणि सत्तरीचा माझा बाप दारोदार फिरला. प्रत्येक उंबऱ्याशी हात जोडून तेच म्हणायचा, "भाजी वापस द्या. आमचं पानी खराब झालं." कुणी मुकाट्यानं दिली, कुणी हसलं. एका घरी भाजी निवडून सुपात ठेवली होती. तिथली म्हातारी म्हणाली, "अवो, देवीच्या नावानं देल्लं वापस घेतेत का कोनी?"

"तुमाले जेवाचं हाय न, माय," बाबा म्हणाले. "देवी समजून घेईन." मी सूप रिकामं करून घेतलं. मला कुणाच्या तरी कानाखाली वाजवायची होती आणि समोर कुणीच नव्हतं.

सगळी भाजी बांधाच्या पलीकडे खड्ड्यात पुरली. गुरांनासुद्धा घालता येत नव्हती. मग बाबा तिथंच धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, माझा तक्ता, ते वजा चिन्ह, गृहीत धरलेलं तेल. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे ट्रक मेल्यावर कुठी जाते, ते तुले मालूम नोतं?"

"फाटकाबाहेरचे कागदच नव्हते, बाबा."

"कागद काहाले पाह्यजे? यार्ड तुले एसटीतून दिसते. मले एक फोन करून इचारलं असतं, तं मी सांगतलं असतं."

फोन मी त्यांना रोज करत होते. 'जेवलात का' एवढंच विचारून ठेवून देत होते.