गौरीच्या ताटातली चिंबोरी

डोंबिवली पश्चिमेला आमच्या इमारतीमागे खाडी आहे. खाडीलगतच्या जुन्या वस्तीत कलावतीताई राहतात. ओहोटी लागली की साडी खोचून त्या चिखलात उतरायच्या आणि बिळात आकडी घालून चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, ओढून काढायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून हेच. आम्ही गौरीला पुरणपोळी करतो, त्यांच्या तेरड्याच्या गौरीला चिंबोऱ्यांचा नैवेद्य असतो, त्याही स्वतः पकडलेल्या. "गवर माहेरचं खायाला येते वहिनी," त्या मला सांगायच्या, "माहेर म्हंजे ही खाडी."

मधली बरीच वर्षं कारखान्यांच्या पाण्याने खाडी कधी लाल, कधी काळी वाहायची. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या मासोळ्या दिसेनाशा झाल्या. शिवल्या उघडल्या तर आत मांस नाही, नुसती शिंपली. त्या वर्षांत ताई बाजारातली चिंबोरी वाढायच्या आणि गौरीची माफी मागायच्या. यंदा पाणी निवळलं. ताईंनी बांधावरून पाहिलं आणि हात जोडले.

गौरी यायच्या आधी त्यांनी चार-पाच चिंबोऱ्या पकडून आणल्या आणि मडक्यात विहिरीच्या पाण्यात ठेवल्या. पाणी बदलत राहिलं की चिंबोरी पोटातला चिखल टाकते आणि साफ होते, हे त्यांच्या सासूने शिकवलेलं.

त्यांची लेक प्राची गौरीसाठी आलेली, पोटुशी होती. शाळेत विज्ञान शिकवते. मडकं बघून म्हणाली, "आई, पाणी साफ झालं, खालचा चिखल नाय झाला. इतक्या वर्षांचा पारा, शिसं, सगळं त्यातच बसलंय. चिंबोरी तिथंच राहते, तिथंच खाते. ते अंगात मुरतं गो, मडक्यात नाय सुटत."

"तुजी शाळा तिकडं," ताई हसल्या. "दोन घास खा, मग बोल."

नैवेद्याच्या दिवशी सकाळी मी हळदीकुंकवाला गेले, तेव्हा ताई मोरीपाशी बसल्या होत्या. पहिली चिंबोरी फोडलेली. आतली लाख, म्हणजे अंडी, एरवी केशरी असायची, ती काळपट होती आणि घरभर रॉकेलचा वास सुटला होता. त्यांनी प्राचीचं ताट उचलून बाजूला ठेवलं.

त्यांचे यजमान दगडूभाऊ दारातून म्हणाले, "पोरीला नको देऊ. पन गवरीला दाखव की. ती काय वास घेऊन बघते? नायतर बाजारातून आनतो."

ताई गौरीकडे वळल्या.

"लेकीला देनार नाय ते हिला कसं देऊ?" त्या म्हणाल्या. "ही पन लेकच ना? आनि बाजारचं देऊन इतकी वरसं फसवली हिला."

भात, भाकरी, अळूची भाजी वाढली. चिंबोरीची जागा ताटात रिकामीच ठेवली. मी डोळे मिटले, पण त्या दिवशी देवीकडे काय मागावं ते सुचेना.

दुपारी ओहोटीला ताई उरलेल्या चिंबोऱ्या घेऊन बांधावर गेल्या. मीही सोबत गेले. त्यांनी मडकं हळूच आडवं केलं. चिंबोऱ्या क्षणभर थांबल्या, मग तिरप्या चालत त्याच चिखलातल्या बिळांत शिरल्या.

"जातील कुठं," ताई म्हणाल्या.

उद्या गौर बोळवायची होती, याच पाण्यात.