पालटून धरलेली पानं

"तुझ्या हाताला कोयत्याची सवय. कॅमेरा जड जातोय का?"

माझे गाईड हे माईकवर बोलले. सगळा सेमिनार हॉल हसला. पहिल्या रांगेतले परीक्षकही हसले. मी प्रोजेक्टरच्या उजेडात उभी. एमएस्सी कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष.

माझा गुन्हा एवढाच की मी खरं सांगितलं होतं. उसाच्या पानाचा फोटो पाहून तांबेरा रोग ओळखणारा प्रोग्राम याच सरांनी केला होता. त्यावर पेपर, पेपरवर सत्कार, गेटवर फ्लेक्स. तो प्रोग्राम तपासायचा, हा माझा प्रोजेक्ट. सरांच्या फोटोंवर तो जवळजवळ चुकतच नव्हता. आमच्या तलवाड्याच्या शिवारातले नवे फोटो दिले, तर पदोपदी चुकला.

मी काय केलं? हसले. सगळ्यांबरोबर, स्वतःवर. त्याची लाज आजही वाटते. सुट्टीत गावी जाऊन सगळे फोटो पुन्हा काढले. निकाल तोच. तरी वाटत राहिलं, ऊसतोड्याची पोर, आपलंच काहीतरी चुकलं असणार. असं वाटायला लावतात ना हे लोक, त्याचीच चीड येते.

मग इंटरनेटवर एक गट सापडला. ही माणसं दुसऱ्याचं संशोधन घेतात, त्याच कोडनं, त्याच डेटानं पुन्हा करून बघतात. जुळलं नाही तर तसं उघड लिहितात. तिथं मला कुणी आडनाव विचारलं नाही. त्यांची तपासणीची एक यादी आहे. त्यातला एक प्रश्न: फोटो काढताना हजर असलेल्यांना विचारलंत का?

सरांच्या फोटोंच्या वेळी हजर कोण होतं? माझी आई. त्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला, साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायच्या आधी, ती सरांच्याच शेतात रोजानं होती. विचारलं तर म्हणाली, "आमी चौघी पानं धरून हुभ्या. फोटू कमी पडले. मग तुजे सर म्हनले, पान पालटून धरा. एकेक पान दोनदा."

पेपरात मात्र प्रत्येक फोटो वेगळं पान म्हणून मोजला होता. एक बाजू प्रोग्रामला शिकवायला, दुसरी त्याच्या परीक्षेला. आधी पेपर फोडायचा, मग पहिला नंबर आला म्हणून पेढे वाटायचे! मी आणि आईनं बसून जोड्या लावल्या. "ही कड फाटलीय बघ, तेच पान हाय," ती सांगायची. जोडीतले दोन्ही फोटो एकतर शिकवण्यात, नाहीतर परीक्षेत ठेवून प्रोग्राम पुन्हा चालवला. सरांच्याच फोटोंवर तो चुकायला लागला, सगळा तोरा उतरला.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज गोड. "निकाल जुळला असं लिही, लगेच प्रोजेक्टवर सही करतो. एका मजूर बाईच्या सांगण्यावर माझा पेपर खोटा ठरवणार का तू?"

"हो सर," मी म्हणाले. "पानं तिच्या हातात होती."

सही झालेली नाही. वर्ष गेलं. आई यंदाही कारखान्यावर गेली.

माझा कोड, माझे फोटो, फसलेलेसुद्धा, आणि कोणतं पान दोनदा आलंय त्याची यादी मी गटाच्या साइटवर टाकली. पानं कुणी धरली तिथं चौघींची नावं लिहिली, त्यांना विचारून. सरांचे निरोप येतात, काढून टाक. काढणार नाही. परीक्षेला पुढच्या वर्षी बसवा, नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी बसवा. त्याच हॉलमध्ये हाच निकाल घेऊन उभी राहीन. आणि हॉल पुन्हा हसला, तर मी हसणार नाही.