साडूभाऊंची जमीन

पृथ्वीवर चालणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पृथ्वीकडे बघत चालणारा माणूस एकच पाहिला, आणि ते माझे साडू निघाले. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, तिचे हे यजमान. मूळचे अकोल्याचे. केंद्र सरकारच्या एका कचेरीत नकाशे आखायला होते, बदली होऊन चंडीगडला आले आणि इथेच रुतले. पुढे मीही बदलीवर इथे आलो, तेव्हा मला घ्यायला स्टेशनवर आले होते. मी वाकून नमस्कार करतोय तोवर ते माझ्याहून खाली वाकले आणि माझ्या बुटाला लागलेला चिखल बघून म्हणाले, "हा इकडचा नाही. गाडी मध्ये कुठे थांबली होती?" प्रवास कसा झाला हे नंतर विचारलं.

हे वेड त्यांना पन्नाशीत लागलं. मुलगी पुण्याला नोकरीला गेली, तिचा कॉम्प्युटर मागे राहिला, आणि त्यात एक खेळ होता: घोडे, किल्ले, राक्षस वगैरे. एका सुट्टीत यांनी तो सहज उघडला. राक्षस राहिला बाजूला, हे जमीन बघूनच संतापले. "मैलभर गवताचा एकच तुकडा चिकटवलाय, साडूभाऊ! रान आहे का न्हाणीघर?" मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, "पप्पा, गेम खेलो ना, इन्स्पेक्शन क्यों कर रहे हो?" पण त्याच खेळात जगभरातले दहाबारा हौशी लोक मिळून स्वतःचं निराळं जग रचत होते, असं यांना कळलं. कुणी डोंगर उभे करत होता, कुणी किल्ले बांधत होता, कुणी राक्षसांना चालायला शिकवत होता. जमीन रंगवायला मात्र कुणी तयार नव्हतं. यांनी हात वर केला, आणि पुढची काही वर्षं आमचे साडूभाऊ त्या जगाचे एकमेव जमीनवाले झाले.

काम ऐकायला सोपं. मातीचा, खडकाचा, पाल्याचा एकेक चौकोनी तुकडा रंगवायचा, तो फरशीसारखा शेजारी शेजारी लावायचा आणि जोड दिसू द्यायचा नाही. मग डोंगरउतारावर ब्रश फिरवत एका मातीतून दुसरीत अलगद उतरायचं. त्यासाठी नमुने लागत, आणि नमुन्यांसाठी साडूभाऊ कुठेही बसत. सुखना तलावावर सगळं गाव पाण्याचे फोटो काढत असताना हे पाण्याकडे पाठ करून, उकिडवे बसून भेगाळलेल्या गाळाचे फोटो काढायचे. येणारेजाणारे थांबून विचारत, "अंकल जी, कुछ गिर गया?" एकदा तर एक अख्खं पंजाबी कुटुंब त्यांच्यासोबत पंधरा मिनिटं अंगठी शोधत होतं; यांनीही बिचाऱ्यांना थांबवलं नाही, कारण त्यांच्या पायांनी गाळावर चांगले ठसे उमटत होते. कचेरीतल्या सहकाऱ्याचे वडील गेले तेव्हा स्मशानात यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. ताईने तो तिथेच धरला. "राखेशी माती मिसळते तिथे एक निळसर रंग येतो," असं परतताना मला हळूच म्हणाले, "तो कुठेच मिळत नाही." चंडीगडवर त्यांचा कायमचा राग. "या गावाला जमीनच नाही," म्हणायचे. "आहे ते सगळं लावलेलं."

आणि धांदरटपणा! पाण्याचा पेला यांच्या कोपराला लागून सांडला नाही असं एकही जेवण मला आठवत नाही. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचाच. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकून पायाने हवा चाचपायचे. बाजूने कुणी नमस्कार केला तर बघायचेसुद्धा नाहीत, त्यामुळे इथल्या मराठी मंडळींत ते गर्विष्ठ म्हणून ओळखले जात. या सगळ्याची मी एक नक्कल बसवली होती. मान खाली, खांदा पाडलेला, एक पाय हवेत. गणपतीत माझ्या नकलेला फर्माईश यायची, ताईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची.

मग मनीमाजऱ्याच्या बाजारातली ती सकाळ आली. स्वच्छ ऊन होतं. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. डावीकडच्या गल्लीतून गाजरांनी भरलेली हातगाडी आली, चांगली निवांत आली, आणि हे वेग कमी न करता सरळ तिच्यात घुसले. रस्ताभर गाजरं, गाडीवाला ओरडतोय, माझा गुडघा फुटलेला. मी चिडून म्हणालो, "अहो, एवढी मोठी गाडी दिसली नाही?"

"कुठून आली?"

"डावीकडून!"

"डावीकडे काही नव्हतं, साडूभाऊ," ते म्हणाले. वाद घालायच्या सुरात नव्हे. माझ्याकडून खात्री करून घ्यावी तसं.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. आम्ही बाहेरून ऐकत होतो. बटणाचा आवाज फार थोड्या वेळा आला. डॉक्टरीणबाई तरुण होती. खुर्ची जवळ ओढून ती म्हणाली, "अंकल जी, काला मोतिया है. जो चला गया, वो वापस नहीं आएगा. जो बचा है, उसे बचाने की कोशिश करेंगे." काचबिंदू. कडेकडेनं नजर खात खात आत आला होता, कितीतरी वर्षं, न दुखता. पेले, चौकटी, पायऱ्या, न घेतलेले नमस्कार, सगळ्याचा हिशेब त्या यंत्रातून निघालेल्या एका कागदावर काळ्या डागांत मांडलेला होता. ताई रडायला लागली. साडूभाऊंनी एकच विचारलं, "मॅडम, खाकी और मटमैला, इनमें फर्क दिखता रहेगा ना?"

मी त्यानंतर नक्कल केली नाही. फक्त एकदा केली. घरी कुणी नसताना ते म्हणाले, "तुम्ही माझी नक्कल करता म्हणे. मी कधी पाहिली नाही. करून दाखवा, पुढे दिसायची नाही." मी नाही म्हणालो, हात जोडले. ते ऐकेनात. शेवटी त्यांच्या समोर उभा राहून मी खांदा पाडला, पाय हवेत धरला. त्यांनी मान इकडून तिकडे फिरवत मला तुकड्यातुकड्यानं पाहिलं आणि म्हणाले, "खांदा जास्त पाडता तुम्ही. बाकी बेस आहे."

थेंब घड्याळ लावून घातले, शस्त्रक्रिया झाली, तरी नजर आकसतच गेली. आणि त्यांच्या जगातलं शेवटचं खोरं रंगवायचं राहिलं होतं. दर रविवारी दुपारी मी त्यांच्या शेजारी बसू लागलो. त्यांना न दिसणारा पडदा मी सांगायचा.

"डावीकडे काय आहे?"

"माती."

"माती काय, साडूभाऊ? ओली का सुकी? मुरूम आहे का गाळ? तुम्ही माणूस आहे म्हणून सांगाल, का कोण आहे ते सांगाल?"

असं चौदा महिने चाललं. खोरं उघडायच्या दिवशी त्यांच्या उजव्या डोळ्यात वाटीएवढं जग उरलं होतं आणि डाव्यात काहीच नाही. पडद्यावर लोक काय लिहितात ते मी वाचून दाखवायचं ठरलं. चौघं खेळणारे आले. घोडे फेकत सरळ पलीकडच्या किल्ल्याकडे सुटले. एकानं लिहिलं, पूल अरुंद आहे. दुसऱ्यानं विचारलं, राक्षस कुठे आहे. बाकी काही नाही.

"काय म्हणतात?"

मला राहवलं नाही. "एक जण म्हणतोय, जमीन काय सुंदर आहे! घोड्यावरून उतरून बघतोय."

त्यांचा चेहरा उतरला. "कुठे उतरला? ओढ्यापाशी?"

"हो... तिथेच."

"मग तिथे बिघडलं," ते म्हणाले. "पळणाऱ्या माणसाची नजर अडली म्हणजे जोड उघडा पडला. जमीन पायाखाली असावी, डोळ्यात येऊ नये." त्यांचा हात माउस शोधत टेबलावर चाचपडू लागला. "मोठं करून दाखवा. आता नीट करतो. दाखवा नं!"

"साडूभाऊ, खोटं बोललो मी," मी म्हणालो. "कुणी उतरलं नाही. जमिनीबद्दल कुणी अक्षर लिहिलं नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही. धावत गेले सगळे."

त्यांचा हात थांबला. ते खुर्चीत मागे रेलले आणि कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं हसले. ताई स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून.

पुढे त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि दोघं अकोल्याला परतली. आता त्या डोळ्यातली वाटीही गेली. त्या हौशी मंडळींचा उत्साह ओसरला, एकेक जण गळत गेला, आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांनी ते जग कायमचं बंद केलं. उघडायला गेलं की नुसता काळा पडदा येतो. साडूभाऊंना हे कुणी सांगितलेलं नाही. ते फोन करतात, माझ्या गुडघ्याची चौकशी करतात, थंडी पडली का विचारतात, आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणतात, "खोऱ्यात येतात का लोक?"

"येतात," मी सांगतो. "थांबत नाही कुणी. धावत जातात."