ग्राउंडहॉगसाठी दोन रायफली

ऐंशीच्या दशकात मला पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्टची नोकरी लागली आणि आम्ही न्यू जर्सी सोडून तिकडे राहायला गेलो. घराभोवती पाच एकर जमीन होती आणि मागे एक जुनं लाकडी कोठार. आमचे हे पुलांचे इंजिनिअर. त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात मेथी, गवार आणि भेंडी लावली. मेथी बोटभर वर आली आणि एका सकाळी वाफा साफ झालेला दिसला.

हे काम ग्राउंडहॉगचं होतं. मांजरापेक्षा मोठं, थुलथुलीत, तपकिरी जनावर. खाऊन झालं की मागच्या पायांवर बसून आमच्या घराकडे बघत राहायचं. आम्ही जाळी लावली, त्यानं जाळीखालून भुयार काढलं. ह्यांनी वाफ्याभोवती तिखट पसरलं, तर दुसऱ्या दिवशी गवारही गेली.

मेथीगवारीचं ह्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. पण एके दिवशी त्यांना कोठाराच्या पायाखाली बीळ दिसलं. एक कोपरा दोन बोटं खचला होता. पुलांच्या इंजिनिअरच्या घरी पाया पोखरला जावा, हे त्यांना सहन होईना.

"इथे सगळे काय करतात?" त्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं. त्या सत्तरीच्या होत्या, एकट्याच गाई सांभाळायच्या.

"गोळी घालतात," बाई म्हणाल्या. "माझ्या गाईचा पाय असल्याच बिळात मोडला."

मग ह्यांचा अभ्यास सुरू झाला. लायब्ररीतून शिकारीची मासिकं आली. जेवणाच्या टेबलावर ग्राफ पेपर पसरले, त्यावर कुठली गोळी किती अंतरावर किती खाली येते याच्या वक्ररेषा. मी एकदा भीत भीत सांगितलं, "अहो, नागपूरला कॉलेजात एनसीसीत मी पॉइंट टू-टूची छोटी रायफल चालवायचे. नेमबाजीत मला बक्षीसही मिळालं होतं."

"अगं, ते एनसीसी," हे मान वर न करता म्हणाले. "हे वेगळं आहे."

बंदुकांच्या दुकानात भिंतीवर हरणांची मुंडकी होती. दुकानदारानं माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढचं सगळं ह्यांच्याशीच बोलला. त्यानं दोनच प्रश्न विचारले. जनावर किती लांब बसतं? आणि त्याच्या मागे काय आहे?

"साठ पावलं," मी म्हणाले. "मागे टेकडीचा उतार."

"पण तीनशे यार्डांचीही तयारी असावी," हे म्हणाले.

"तुमची जमीन तीनशे यार्ड आहे?"

"नाही. पण असावी तयारी."

दुकानदारानं समजावून पाहिलं. इतक्या जवळच्या कामाला छोटी टू-टू आणि तिच्यावर बसवायचा, चारपट मोठं दाखवणारा साधा दुर्बिणीसारखा स्कोप भरपूर झाला. ह्यांनी मात्र हरणं मारायची मोठी रायफल निवडली. वर बारापट दाखवणारा स्कोप घेतला आणि तो बसवूनही घेतला नाही. "मी बसवतो," म्हणाले. "चार स्क्रू तर आहेत."

रविवारी बाईंच्या शेतातल्या मातीच्या दरडीसमोर रिकामा डबा ठेवून चाचणी ठरली. हे पोटावर झोपले, डोळा लावला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"डबा सापडत नाहीये. नुसतं गवत दिसतंय. एक पान मात्र फार स्वच्छ दिसतंय."

बाई त्यांच्याकडे निरखून बघत होत्या. "तुमचा डोळा फार जवळ आहे," त्या म्हणाल्या. पण तोवर डबा सापडला होता आणि ह्यांनी चाप ओढला. रायफल मागे आली आणि स्कोपची कड भुवईवर बसली. डब्याला काही झालं नाही.

बाईंनी आपल्या ट्रकमधून आम्हाला हॉस्पिटलात नेलं. नर्सनं भुवईवरची चंद्रकोर पाहिली आणि एकच शब्द विचारला, "स्कोप?" ह्यांनी मान हलवली. ड्यूटीवरचा डॉक्टर माझ्या ओळखीचा. तो गमतीनं म्हणाला, "टाके तूच घालतेस का?"

"नको," हे घाईघाईनं म्हणाले. "ती पॅथॉलॉजिस्ट आहे."

चार टाके पडले. आठवड्यानं आम्ही रायफल बदलायला गेलो. दुकानदार पट्टी बघून हसला नाही, याबद्दल मला त्याचा आजही आदर वाटतो. त्यानं टू-टू काढली आणि सवयीनं ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी हात मागे घेतले. "तिला द्या."

मी बोल्ट मागे ओढला, आत काडतूस नाही हे पाहिलं, बोट चापाबाहेर ठेवलं. वीस वर्षांनी हातांना हे आपोआप आठवलं. त्यानंतर दुकानदार माझ्याशी बोलू लागला. चारपटीचा स्कोप त्यानंच बसवून दिला, माझा डोळा किती मागे राहतो ते मोजून.

नेम जुळवायला मात्र ह्यांचा फार उपयोग झाला. मी तीन गोळ्या झाडायच्या आणि ह्यांनी कागदावरची भोकं मोजून सांगायचं, "डावीकडे चार क्लिक, वर दोन." स्कोपवरची बटणं तेवढी फिरवली की पुढच्या गोळ्या तिथेच लागायच्या. ते ग्राफ पेपर शेवटी कामी आले.

एका शनिवारी सकाळी आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसलो. हे दुर्बीण घेऊन शेजारी, भुवईवर अजून लाल व्रण. ग्राउंडहॉग बाहेर आला आणि उभा राहिला. मागे टेकडी होती, मध्ये काही नव्हतं.

"वारा नाही," हे पुटपुटले.

मी चाप दाबला. आवाज फारच छोटा झाला. तो जागीच कोसळला.

इतके दिवस त्याला शिव्या दिल्या होत्या, पण त्याचं ते उभं राहून घराकडे बघणंही सवयीचं झालं होतं. "लगेच गेला ना?" ह्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

आवाज ऐकून बाई आल्या. पुरायला खड्डा कुठे खणायचा, असं मी विचारलं, तर त्यांना ते समजेचना. त्यांनी तो शेपटीला धरून नेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण लावलेलं पातेलं घेऊन हजर झाल्या.

"मेथीवर पोसलेला आहे," हे पातेल्यात बघत म्हणाले.

बाई समोर बसून होत्या, तेव्हा खाण्यावाचून सुटका नव्हती. मी दोन घास खाल्ले. ह्यांनी वाटीभर खाल्लं, मग उठून काळा मसाला आणला आणि आणखी वाटीभर खाल्लं. बाईंनी मसाल्याचा वास घेतला, चिमूटभर आपल्या ताटात टाकला आणि जाताना डबाच मागून नेला.

पुढच्या आठवड्यात ह्यांनी कोठाराच्या कोपऱ्याखाली काँक्रीट ओतलं. तो कोपरा आम्ही तिथे राहिलो तोवर हलला नाही. मेथी आम्ही पुढे खिडकीतल्या कुंडीत लावली.