रोबोटचा खुबा

कुपवाडच्या ज्या शेडमध्ये मी कामाला होते तिथं कंगवे निघायचे. साच्यातून कंगवा बाहेर आला की दातांमधलं जास्तीचं प्लॅस्टिक ब्लेडनं कापायचं, हे माझं काम. नवऱ्यानं साताऱ्याहून परत पाठवल्यापासून मी सांगलीला भावाकडं राहत होते. शिक्षण चौथी, आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागं सरायचे. ब्लेडच्या कामात मान वर करावी लागत नाही, म्हणून ते मला बरं वाटायचं.

मालकांच्या ओळखीचे मिरजेचे एक हाडांचे डॉक्टर होते. ते एकदा पिशवीतून रोबोट घेऊन आले. त्यांचा भाऊ परदेशातून असली खेळणी पाठवायचा. हातपाय दुमडून छाती फिरवली की रोबोटचा ट्रक व्हायचा. डॉक्टर पन्नाशीचे होते, पण तो ट्रक टेबलावर ठेवताना त्यांनी दोन्ही हात लावले. त्यांची तक्रार एवढीच की त्याचे दोन्ही पाय एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळं तो नुसता खांबासारखा उभा राहायचा. त्यांना खुब्यात आणि गुडघ्यात हलणारे सुटे पाय करून हवे होते. आणि ट्रक केल्यावर तेच पाय मागच्या हौद्याच्या जागी नीट बसायला हवे होते.

डॉक्टर गेल्यावर मालक म्हणाले, "दवाखान्यात हाडं कमी पडली वाटतं." सगळे हसले. मग त्यांनी तो रोबोट माझ्यापुढं ठेवला. "तुझी बोटं बारीक हाईत. बघ जमतंय का. डॉक्टरला पटलं तर तुला येगळं टेबल आन् कारागिराचा पगार."

कारागिराचा पगार मिळाला तर मला खोली घेता येणार होती. शेडच्या मागच्या आळीत पत्र्याची एक खोली रिकामी होती. मी ती दोनदा बघून आले होते. खोलीची मालकीण, एक म्हातारी, महिनाभर थांबते म्हणाली होती.

कपडे धुवायच्या साबणाची वडी कोरून मी आधी पाय बनवले. मोडले की पुन्हा कोरायचे. पाय लांब केला की तो हौद्यात मावायचा नाही, आखूड केला की रोबोट बुटका दिसायचा. शेवटी पोटरी आतून पोकळ ठेवली. ट्रक करताना मांडी तिच्यात सरकायची, काडेपेटीच्या खणासारखी. मग कंगव्याच्याच प्लॅस्टिकचे तुकडे जोडून, कानशीनं घासून खरे पाय केले. खुब्यातल्या गोळ्या तेवढ्या आमच्या लेथवाल्यानं त्याच्या मशीनवर काढून दिल्या. "आक्का आता बाहुल्या खेळत्यात," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

गोळी खुब्याच्या वाटीत ढिली बसत होती. पाय पुढं टाकला की लोंबायचा. गोळीवर काहीतरी अगदी पातळ चढवायला हवं होतं. कागद लावून बघितला, डिंक लावून बघितला. मग नेलपॉलिश सुचलं. बाटली आणली. एक हात द्यायचा, दोन दिवस वाळू द्यायचं, मग गोळी वाटीत दाबायची. पाय जिथं ठेवीन तिथं राहायला लागला.

ती बाटली वहिनीला माझ्या पिशवीत सापडली. भाऊ जेवत होता. त्याच्यासमोर तिनं ती जमिनीवर ठेवली. "नवऱ्यानं टाकली आन् बाई नखं रंगवायला लागली."

"कामाची हाय ती," मी म्हणाले आणि हाताची बोटं पुढं केली. नखं साधीच होती.

"मग पायाची रंगवतीस व्हय? कुणाला दावतीस?"

भावानं ताटातून मान वर केली नाही. भाकरी मागितली.

डॉक्टर रोबोट न्यायला आले. त्यांनी त्याला एका गुडघ्यावर बसवलं, उभं केलं, ट्रक केला, पुन्हा रोबोट केला. मग विचारलं, "कुणी केलं हे?"

मी चार हातांवर ब्लेड घेऊन उभी होते. कंगवे कापणाऱ्या बाईचं नाव डॉक्टरांना सांगायची मालकांना लाज वाटली असावी. त्यांनी लेथवाल्याकडं बोट केलं. लेथवाल्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग म्हणाला, "जमलं सायेब कसंतरी."

डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी ते आणखी एक रोबोट देऊन गेले. हा जुना होता, तसा परत मिळणार नव्हता. मालक मला म्हणाले, "आता नाव त्येचं झालंय, तर त्यालाच करू दे. तू आपली कंगव्यावर बस." टेबलाचं मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

माझे साबणाचे पाय समोर ठेवून लेथवाल्यानं दुसरे पाय बनवले. ते वाईट नव्हते. फक्त खुबा त्याला जमेना. दुपारी माझ्याजवळ येऊन बसला. "आक्का, ती गोळी घट कशी बसवलीस गं?" आवाजात चेष्टा नव्हती.

"नेलपॉलिशचा हात द्यायचा."

तो हसला. "आन् मग?"

"वलं हाय तवरच दाबून बसवायची. लगेच."

मी बाटलीपण काढून दिली. नेलपॉलिश ओलं असताना प्लॅस्टिक खातं, दोन तुकडे एकजीव करून टाकतं, हे मला माहीत होतं. साबणाच्या पायांनंतर असे दोन पाय मी स्वतःच वाया घालवले होते. तो म्हणाला, "लय उपकार झाले." मी पुन्हा कंगवा हातात घेतला. त्या दिवशी माझ्या हातून कंगव्याचा एकही दात चुकून कापला गेला नाही.

डॉक्टर आले. त्यांनी मांडी धरून फिरवली, पण ती हलेना. "घट्ट बसलंय," ते म्हणाले आणि थोडा जोर लावला. पाय हातात आला. गोळीबरोबर जुन्या रोबोटचा खुबा आणि कमरेचा एक तुकडाही आला. रोज माणसांची हाडं बसवणारा तो माणूस स्टुलावर खाली बसला.

तुटलेली कड त्यांनी उजेडात धरली; गोळी वाटीत चिकटून एकजीव झाली होती. मग लेथवाल्याला शांतपणे म्हणाले, "पहिला तू केलेला नाहीस. खरं सांग, कुणी केला? ज्यानं केला त्याला हाही दुरुस्त करता येईल. मी त्यालाच काम देईन, कायमचं."

मालक खिडकीकडं बघायला लागले. लेथवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी केला असं म्हटलं असतं, तर गोळी ओली बसवायला कुणी सांगितलं हे त्यानं तिथंच सांगितलं असतं. त्यानं माझं नाव घेतलं असतं, तर आधी आपण खोटं बोललो हे त्याला कबूल करावं लागलं असतं. तो बोलला नाही. मीही बोलले नाही. डॉक्टरांनी तुकडे रुमालात बांधले आणि स्कूटर काढली. ते परत आले नाहीत.

मालकांनी लेथवाल्याला सगळ्यांसमोर आईवरून शिव्या दिल्या. तो मान खाली घालून ऐकत होता आणि मी कंगवे कापत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं लिहायचं तर त्या वेळी बरं वाटत होतं. त्या जुन्या रोबोटचं तेवढं वाईट वाटलं.

त्यानंतर मी तिथं चार वर्षं काम केलं. तोही होता. एकाच माठातलं पाणी प्यायचो, पण तो मला पुन्हा कधी आक्का म्हणाला नाही. म्हातारीनं कबूल केलेला महिना तेव्हाच संपला होता आणि तिनं ती खोली एका नवराबायकोला दिली होती. तेव्हापासून काम सुटल्यावर त्या आळीतून न जाता मी मोठ्या रस्त्यानं, थोडं लांबून, भावाच्या घरी जायला लागले.